वाडीपुरतं काम

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही, आईला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर मुळीच नाही. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखणाऱ्यांत माझं नाव चांगलं आहे — पोलादपूरच्या शाळेतल्या विज्ञानाच्या संगीताबाई, कधी कुणाचं वाईट बोलत नाहीत. तेच तर सांगायचं आहे.

विशाखाबद्दल. पण थांबा, आधी एक कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं जरा सोपं जाईल. मी तिच्यावर जळायचे. हेवा वगैरे म्हणायला नको, तो शब्द फार सोवळा आहे. जळायचेच.

वरंधच्या रस्त्याला आमचं गाव, म्हणजे माझं माहेर. वर आमची वाडी, उताराला खाली बौद्धवाडी. मी वरची, ती खालची. दोघी एकाच एसटीनं महाडच्या कॉलेजात जायचो, एका बाकावर बसायचो. वर्गात पहिली मी, दुसरी ती. हा क्रम कधी बदलला नाही, आणि तो जन्माचाच आहे अशी माझी समजूत होऊन बसली. ती आमच्या घरी यायची तेव्हा तिच्यासाठी एक वेगळा पेला पडवीच्या खिडकीत ठेवलेला असायचा. तिला ते माहीत होतं, मलाही माहीत होतं. मी एकदा तरी तो पेला उचलून त्यातून पाणी प्यायले असते तर? नाही प्यायले. मैत्रीण होते ना मी तिची!

पुढे ती मुंबईला विद्यापीठात भूगर्भशास्त्र शिकायला गेली. मी बी.एड. केलं, लग्न केलं, पोलादपूरला आले. यात वाईट काय आहे? काहीच नाही. मला माझी नोकरी आवडते. पण सुट्टीत माहेरी गेले की कुणी ना कुणी विचारणारच — विशाखा आता पुण्यात मोठ्या हुद्द्यावर आहे म्हणे? परदेशात जाऊन आली म्हणे? मी हसून हो म्हणायचे. मला कुणी विचारलं नाही, की बाई, तुमचं कसं चाललंय. माझं काय चालणार? दरवर्षी तीच प्रकाशाची परावर्तनं, तीच पुस्तकं, फक्त मुलं नवी.

आणि मग तिनं पाणी आणलं.

आमच्याकडे पाऊस धो धो पडतो आणि एप्रिलमध्ये बायका हंडे घेऊन खाली वहाळात उतरतात. माझी आई साठीतही उतरायची. विशाखा सुट्टीच्या दिवशी पुण्याहून यायची, हातोडी घेऊन डोंगरात फिरायची, दगड फोडून बघायची. लोक हसायचे. शेवटी तिला आमच्या वाडीच्या वर, कड्याखाली, बारमाही झरा सापडला. तो तिनं बांधून घेतला, पाइप टाकला, वाडीच्या डोक्यावर टाकी उभी केली. चर खणायला दोन्ही वाड्यांची माणसं होती. आमच्याकडे हे नवलच, कारण आमच्या गावात प्रत्येक वाडीचं सगळं वेगळं — मंडळ वेगळं, पाणवठा वेगळा, मुंबईकरांची वर्गणीसुद्धा ज्याच्या त्याच्या वाडीची. ही बाई मात्र म्हणाली, पाणी उतारानं जातं, आधी वरच्या वाडीला देऊ. नळ पहिला आमच्या दारात आला, तिच्या आईबापाच्या दारात नंतर. मग तिनं डोंगरातल्या आणखी वाड्यांची कामं हाती घेतली.

माझी आई, जिनं तो पेला खिडकीत ठेवला होता, ती आल्यागेल्याला सांगायला लागली, "इशाखानं पाणी आणलं गो. आपल्या पोरी काय करत्यात? पुस्तकं वाचत्यात."

आपल्या पोरी म्हणजे मी.

बघा, अजून मी मुद्द्यावर आले नाही. येते.

विद्यापीठ दरवर्षी आपल्या काही माजी विद्यार्थ्यांचा गौरव करतं — व्यवसायात नाव काढलेल्यांचा आणि समाजासाठी काही केलेल्यांचा. विशाखाचं नाव कुणीतरी सुचवलं. तिच्या कामाची माहिती असलेली गावाकडची एखादी व्यक्ती त्यांना हवी होती, फोनवर विचारायला. तिनं माझं नाव दिलं. मला आधी कळवलंसुद्धा नाही. गरज काय होती? मी तिची मैत्रीण.

फोन आला तेव्हा मी माहेरी होते, रविवारी. आमच्या वाडीत घरात रेंज धड येत नाही, फोन वाजतो आणि तुटतो. बोलायचं तर चढण चढून टाकीपाशी जावं लागतं, सगळं गाव तिथंच उभं राहून बोलतं. मीही गेले. टाकीला पाठ टेकून परत फोन लावला. समोरचे गृहस्थ फार सभ्य होते. त्यांनी चौकशी केली, मी चांगलंच बोलले. हुशार, कष्टाळू, सगळं. मग त्यांनी विचारलं, काम सगळ्यांसाठी आहे ना? एखाद्या समाजापुरतं, गटापुरतं असेल तर समिती जरा विचार करते.

मी काय म्हणाले ते शब्द न् शब्द आठवतंय. "काम चांगलं आहे हो तिचं. पण आता कसं आहे, त्यांच्या वाडीपुरतं आहे म्हणा ना. साहजिकच आहे ते."

ते म्हणाले, "बरं बरं. समजलं."

त्यांना काय समजलं ते मलाही समजलं. समजावं म्हणूनच तर बोलले होते. पाठीमागं टाकीत पाणी पडत होतं, माझ्या पाठीला गार लागत होतं. जात मी मानत नाही, असं वर्गात मुलांना छाती पुढे काढून सांगत आले आहे. आणि ती वापरायची वेळ आली तेव्हा मला शोधावीसुद्धा लागली नाही. हाताशीच होती. त्या "साहजिकच"मध्ये मी किती गोडवा घातला होता, काय सांगू!

त्या वर्षीच्या यादीत तिचं नाव आलं नाही. मला वाईट वाटलं का? खरं सांगते — त्या संध्याकाळी मी घरी शिरा केला. नवऱ्यानं विचारलं, आज काय विशेष? म्हटलं, सहज.

इथंच थांबलं असतं तरी पुष्कळ होतं. पण विशाखाचे वडील, आबा, मुंबईला गोदीत नोकरी करून गावी परतले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालाची ओझी उचललेला माणूस. लेकीचा विद्यापीठात सत्कार बघायचा म्हणून त्यांनी नवा शर्ट शिवून घेतला होता. मला एसटी थांब्यावर भेटले.

"बाय, कवा हाय गो तो कार्यक्रम?"

म्हटलं, "यंदा नाय आबा. पुढच्या वर्षी होईल."

"होऊ दे मग पुढल्या वर्षी. तुझं नाव दिलंवतं तिनं. तू बोललीस ना तिच्यासाठी?"

"बोलले ना आबा."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी वाकले नव्हते, तरी ठेवला.

आबा पुढचं वर्ष बघू शकले नाहीत. श्रावणात गेले. मी मातीला गेले होते, विशाखा माझ्या गळ्यात पडून रडली.

पुढच्या वर्षी समितीवर दुसरी माणसं होती. ती प्रत्यक्ष येऊन वाड्या बघून गेली, आणि विशाखाचा गौरव झाला. मग गावानं सत्कार ठेवला, दोन्ही वाड्यांनी मिळून, एकाच मांडवात. तिनं भाषणात सांगितलं, "आबा जाण्याआधी म्हणाले होते, संगीता बोलली तुझ्यासाठी, तिला विसरू नकोस." आणि तिच्या अंगावर घातलेली शाल काढून तिनं ती माझ्या खांद्यावर घातली. पुढच्या रांगेत माझी आई पदरानं डोळे पुसत होती.

नको म्हणता आलं असतं. दोन शब्द होते — मी नाही. मी शाल सारखी केली आणि माइक घेतला. विशाखाबद्दल बोलले, छान बोलले. झरा कसा शोधला, पाणी आधी आमच्या दारात कसं दिलं, चरात दोन्ही वाड्या कशा उतरल्या. टाकीपाशी उभी राहून जे जे सांगायला हवं होतं ते सगळं सांगितलं, अगदी नीट, कार्यक्रमात ऐकायला बरं वाटेल असं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आणि स्टेजवरून खाली उतरताना माझ्या लक्षात आलं, तिला जास्त पडल्या की मला, हे मी तेव्हाही बघत होते.