कर्नलचा ड्रायव्हर

सत्तरचं दशक संपत आलं होतं. पुण्याच्या नोकरीतून सुट्टीवर गावी, शेलूबाजारला आले, तेव्हा बाबांनी विचारलं, "कोनतं काम करून राह्यली वं पोरी?"

"ड्रायव्हर लिवून राह्यली, बाबा. कर्नलमंदी बसनारा."

झालं! दुसऱ्या दिवशी जीप स्टँडभर बातमी, पोरगी मिलिटरीतल्या कर्नलची गाडी चालवते. एरवी मी पोट धरून हसले असते. पण तेव्हा डोकं तापलेलं होतं.

माझा ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर चालवणारा प्रोग्राम आणि कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा सगळा कारभार सांभाळणारा गाभा. ड्रायव्हर गाभ्यात बसवला की झपाझप चालायचा. पण प्रिंटरचा कागद अडकला की तो गडबडायचा आणि अख्खं मशीन बंद पाडायचा. सगळ्या ऑफिसचं काम पाण्यात! साहेबांनी बजावलं होतं, "त्याला बाहेर काढा. युजर मोडमध्ये, साध्या प्रोग्रामसारखा चालवा. जमत नसेल तर हे काम दुसऱ्याला देतो."

बाहेर! त्या शब्दानंच माझं पित्त खवळलं. आम्ही बौद्ध. माझी आई लहानपणी विहिरीपासून लांब, घागर घेऊन ताटकळत उभी राहिलेली. आणि मी लिहिलेलंही बाहेरच? काम तर मी सोडणार नव्हते.

आईपुढे सगळी भडास काढली. भाकरी थापता थापता तिनं विचारलं, "बाहेर राहून त्याले काम करता येते?"

"येते. जरासं हळू."

"अन् पडला तं?"

"एकटाच पडते."

"मंग कायले रडून राह्यली? आमाले बाहेर ठेवलं, ते आमी खराब होतो म्हनून नाही. तुया ड्रायव्हर तं खराब हाय ना!"

असा राग आला तिचा! आणि मग हसू आवरेना.

परत गेले आणि जिद्दीनं सगळा ड्रायव्हर नव्यानं लिहिला, बाहेर चालणारा. साहेबांसमोर मुद्दाम कागद अडकवला. माझा प्रोग्राम बंद पडला. शेजारच्या टर्मिनलवर बसलेल्यांनी मानही वर केली नाही, त्यांचं काम चालूच होतं. मी कागद सोडवला, प्रोग्राम पुन्हा सुरू केला, प्रिंटर खडखडायला लागला.

साहेब खूश. म्हणाले, "आता पक्का झालाय. घ्या की आत, वेगही वाढेल."

"तो बाहेरच बरा, साहेब," मी म्हणाले. "आत मी आहे."