आबा तिच्याशी बोलले

संशोधनाला आलेल्या एका बाईनं मला फसवलं. आधीच सरळ सांगतो. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता, आजही ठेवायची इच्छा नाही. इंदापुरात जुने ट्रॅक्टर घेतो-विकतो. नुसत्या आवाजावरून इंजिन किती चाललंय ते सांगतो... मला गंडवणं सोपं नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझे वडील, आबा, बारामतीच्या एका दवाखान्यात शेवटचे दिवस काढत होते. घशाचा कॅन्सर. वर्षापूर्वी स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून तोंडातून शब्द नाही. गळ्याचं भोक मफलरनं झाकलेलं. मला काही सांगायचं तर पाटीवर लिहायचे — "पाणी", "कूस बदल". त्यापुढं एक अक्षर नाही.

तिथं ही मॅडम आली. मरणाच्या दारातल्या माणसांशी बोलून प्रबंध लिहीत होती. आबांनी मान डोलावून होकार दिला. घरच्यांपैकी माझी सही हवी होती.

"फुकट न्हाय," मी म्हणालो. "आबांना खिडकीजवळची खाट द्या."

"अहो, बदल्यात असं काही देता येत नाही."

"मग ऱ्हायलं."

दोन दिवसांनी खाट मिळाली, मी सही केली. आबा बोलू शकत नाहीत हे मुद्दाम सांगितलं नाही. विचारल्याशिवाय गिअरबॉक्सची खोड कोण सांगतं? तिनं फाइलही वाचली नव्हती — आधीच मत बनू नये म्हणे. मी मनात हसलो. बस म्हटलं, मुक्यापुढं रेकॉर्डर धरून!

पण ती रोज दुपारी तासभर आत. दार लोटलेलं. बाहेर यायची तेव्हा डोळे ओले. आणि आबा असे निवांत दिसायचे... मी उशाशी बसलो की ते तोंड भिंतीकडं करायचे. माझा नुसता जळफळाट.

आबा गेले. तेरावा उरकून मी तिला गाठलं.

"काय गावलं वो मॅडम? माणूस तर मुका हुता."

ती बघतच राहिली. "मुके? अहो, किती बोलायचे ते!"

"ऐकवा."

"नाही ऐकवता येणार. तसं त्यांनीच सांगितलंय."

मी टेबलावर हात आपटला. तिनं घाबरून थोडंसंच लावलं.

आबांचाच आवाज! ऑपरेशनच्या आधीचा, भरदार, खाकरून सुरू होणारा. मध्येच वॉर्डातली सिस्टर म्हणते, "आबा, ताप बघू." मग पुन्हा आबा — "पोरी, आमच्या बापूला ह्यातलं कायबी ऐकवू नगं. त्यो ह्याचाबी सौदा करंल."

बापू म्हणजे मी.

डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राशिवाय असं बोलणं शक्यच नाही. सिस्टर म्हणते, "मी ताप बघितला, पण आबांना बोलताना काही ऐकलं नाही." बनावट म्हणावं, तर तिनं आबांचा जुना आवाज आणला कुठून? उलगडा आजतागायत नाही.

तेही सोडा. वर्षभर एका शब्दासाठी मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो, आणि त्यांनी सगळं एका परक्या बाईच्या ओटीत टाकलं. तिच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या कमिटीला मी तीन पत्रं पाठवली. एकच छापील उत्तर आलं — माहिती गोपनीय आहे. कमिटीवाल्यांनो, नियम मला शिकवू नका. तुमच्यापैकी एकानं माझ्यासमोर बसावं आणि तोंडावर सांगावं — बाप माझा, मग त्याचा आवाज तिचा कसा?