वाकळीचे आतले फेरे

वाकळ पोचल्याचं तुम्ही कळवलंत. धाकट्यानं विचारलं, कडेचे टाके इतके बारीक आणि मधलेच असे लांबलांब, वाकडे का? फोनवर मी विषय बदलला, कारण आक्का शेजारीच बसल्या होत्या. म्हणून आता लिहिते.

आक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, तुमच्या माकणीच्या आजी. त्यांना मूलबाळ नाही. मी धाराशिवला शाळेत गणित शिकवायला जायची, तेव्हा तुमच्या बाबांना पाच वर्षांचे होईपर्यंत त्यांनीच सांभाळलं. गेल्या वर्षी त्यांना चहाच्या कपाशेजारी, जमिनीवर चहा ओतताना पाहिलं आणि मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, थेंब घातले तर उरलेली काही दिवस टिकेल, किती ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. परत येताना एसटीत माकणीचा फाटा आल्यावर म्हणाल्या, "पोरांस्नी एक वाकळ करून द्यायचीय. पुरी झालेली माझ्या डोळ्यानं बघायचीय. मग जाऊ दे डोळं."

दिवाळी झाल्यावर त्यांनी वाकळ घातली. वर माझ्या शाळेच्या साड्या, आत तुमच्या आजोबांची धोतरं, एका कोपऱ्यात तुमच्या बाबांचा खाकी शर्ट. वाकळ कडेपासून आत शिवत जातात. चारी बाजूंनी एक फेरा पुरा झाला की एक बोट आत सरकायचं आणि दुसरा फेरा घ्यायचा. आक्का डाव्या हाताचं बोट आधीच्या ओळीला लावून ठेवायच्या आणि बोटाच्या पलीकडून सुई चालवायच्या.

दर रविवारी मी माकणीला जायची. त्यांना सुईत दोरा ओवता येईना, म्हणून आठवड्याच्या सुया ओवून उशीत खोचून ठेवायची. दर खेपेला तेवढ्याच.

संक्रांतीला निम्मे फेरे झाले होते आणि त्यांनी हाय खाल्ली होती. "दोन महिनं गेलं आन् निम्मंच झालं. अजून दोन महिनं डोळं टिकत्यात का काय की."

"निम्मं नाही, आक्का. जास्त झालंय."

"बोल मास्तरीन, बोल. तुला कुठं शिवाय लागतंय."

मी त्यांना समजावलं, ते तुम्हालाही सांगते. वाकळ एकशेवीस बोटं लांब आणि बहात्तर बोटं रुंद. कडेचा पहिला फेरा तीनशे चौऱ्याऐंशी बोटांचा. एक बोट आत गेलं की लांबी दोन बोटांनी घटते, रुंदीही दोन बोटांनी, म्हणजे फेरा आठ बोटांनी लहान. पुढचा आणखी आठांनी. दर वेळी तेवढीच घट. कॉलेजात मी हे इंग्रजीतून ॲरिथमेटिक प्रोग्रेशन म्हणून शिकले आणि शाळेत अंकगणिती श्रेढी म्हणून शिकवलं. असे छत्तीस फेरे. छत्तिसावा एकशेचार बोटांचा. पहिला आणि शेवटचा मिळवा, छत्तिसाच्या निम्म्यानं गुणा, आठ हजार सातशे चौऱ्याऐंशी बोटं भरतात. त्यातल्या पहिल्या अठरा फेऱ्यांनीच पाच हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी खाल्ली. फेरे निम्मे उरले होते, पण शिवण तिसऱ्या हिश्श्याहून जेमतेम जास्त.

"रोज आजवर शिवलं तेवढंच शिवलं, तर महिनाभरात संपेल. शिवरात्रीच्या आत."

त्यांनी वाकळीच्या मधल्या रिकाम्या जागेवर हात फिरवला. "म्हंजे आता उतारच हाय म्हन की." मग तिळगुळाचा डबा माझ्यापुढं सरकवला. "खा. बरं बोललीस."

पुढच्या रविवारी उशीत दोरा ओवलेल्या तीन सुया तशाच होत्या. पाहुणं आलं होतं, म्हणाल्या. त्यापुढच्या रविवारी नऊ उरल्या. ज्वारी निवडत होते, म्हणाल्या. मी वाकळ उलटून पाहिली. फेरा लहान झाला होता, पण तो शिवायला पहिल्या फेऱ्याइतकाच वेळ लागत होता. जागोजाग उसवून पुन्हा घातलेलं दिसत होतं. कापड आठ-आठ बोटांनी घटत होतं. डोळे कशानं घटत होते ते मला मांडता आलं नाही.

शिवरात्रीच्या आधीच्या रविवारी गेले, तेव्हा त्या अंगणात उन्हाकडं तोंड करून शिवत बसल्या होत्या. बोट ओळीला लावलेलं, हात चालू. मी जवळ बसले. सुई कापडात जात होती, वर येत होती आणि तिच्यात दोरा नव्हता. मागं पाहिलं तर नुसती भोकं.

"आक्का, दोरा निसटलाय."

हात थांबला. "कवापासनं?"

"आत्ताच असेल."

"सरळ सांग. किती बाजू रिकाम्या गेल्या?"

"दोन."

त्यांनी सुईच्या नाकावर बोट फिरवलं. मग सुई माझ्या हातात दिली. "किती ऱ्हायलं?"

"हा धरून सहा फेरे. सगळ्यांत लहान."

"व्हय. लहान." मग म्हणाल्या, "घाल तू. पर इथंच बस, माझ्याम्होरं."

तीन दुपारी मी शिवत होते आणि त्या पुढच्या बाजूला कापड ताणून धरत होत्या. मला शिवण कधीच जमली नाही. आक्का बोटानं माझे टाके चाचपायच्या आणि म्हणायच्या, "ह्यातनं तर मांजर निघंल." शेवटचा टाका घालून गाठ मारली, तेव्हा त्यांनी विचारलं, "झालं?" मी हो म्हणाले. त्यांनी मान खाली करून वाकळ डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग लांब धरली, पुन्हा जवळ नेली. शेवटी घडी घालून माझ्या मांडीवर ठेवली.

आता त्या माझ्याकडंच असतात. थेंब घालतो, पण खिडकी कुठं आहे एवढंच त्यांना कळतं.

तुम्ही पाठवलेला फोटो त्यांच्या कामाचा नाही. येत्या रविवारी फोन करा. वाकळ छान आहे, एवढं म्हणून सोडू नका. ती जमिनीवर अंथरा, कडेला बसा आणि कुठला तुकडा कुठल्या रंगाचा, ते एकेक फेरा आत येत त्यांना सांगा. मध्यापर्यंत या. माझे टाके कसे आहेत, तेही सांगा. त्या हसतील.

घाई करू नका. आतले फेरे लहान असले, तरी त्यांना वेळ लागतो.