मैलांचा भाव

विमान कंपनीच्या माइल्सना माझी आई मैलच म्हणायची. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी पंप विकणाऱ्या कंपनीत होतो, महिन्यातून चार वेळा दिल्ली नाहीतर चेन्नई. तिकिटाचे पैसे माझी कंपनी भरायची, पण उडेन तसे जमणारे माइल्स माझ्या नावावर; ते पुरेसे साठले की त्यांच्यावर फुकट तिकीट मिळे. सुट्टीला टोकावड्याला घरी आलो की आई पहिलं विचारायची, "किती मैल झालं रे?"

तिला वाटायचं, मी जेवढा उडालो तेवढे मैल साठले आणि आता तेवढाच प्रवास फुकट. "नागपूर पाचशे मैल. जायाचे पाचशे, यायाचे पाचशे. तुझं नि माझं मिळून दोन हजारांत भागतंय." मी हसायचो. मोठ्या शहाण्यासारखा म्हणायचो, "आये, तसं नसतं ते."

नागपूरला मावशी होती, आईची धाकटी बहीण. आईच्या माहेरचं तेवढं एकच माणूस उरलेलं, आणि त्या मावशीच्या किडन्या निकामी होत चालल्या होत्या. आई एकदा भाताच्या लावणीत बांधावरून पडली, तेव्हापासून तिची कंबर गेलेली. तास-दीड तासाच्या वर बसवत नसे, आगगाडीच्या रात्रभरच्या हिसक्यांचं तर नावच नको. राहिलं विमान. मी सरळ तिकीट विकत काढलं असतं, पण तिथे आईसाहेब अडून बसल्या. "तुझ्या पोरांच्या तोंडचा घास काढून मी बहिनीकडं नाय जायाची. फुकट हाय तर ने, नाय तर राहू दे."

फुकट होतंच की! अठ्ठावीस हजार माइल्स नुसते पडून होते. पण मला अक्कल फार. जवळ जा नाहीतर लांब, माइल्स जवळजवळ सारखेच जात, आणि नागपूरचं तिकीट आधी काढलं तर स्वस्त मिळे. स्वस्त तिकिटावर माइल्स उधळणं म्हणजे शुद्ध मूर्खपणा. तिकीट महाग असेल तेव्हाच माइल्स वापरावेत, तर त्यांना भाव येतो. ऑफिसातले लोक या बाबतीत माझा सल्ला घ्यायचे, आणि मला त्याची ऐट होती.

आधी म्हणालो, थंडीतली आमच्याकडची म्हशाची जत्रा होऊन जाऊ दे. मग उन्हाळ्यात म्हणालो, "अजून थोडे साठू देत, दोघींना काश्मीर दाखवतो." आई म्हणाली, "मला काश्मीर घेऊन काय करायचाय? मला तिचं तोंड बघायचंय." हे मी या कानांनी ऐकलं, आणि तरीही टाळलं. आज लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

भात कापणीला आलं होतं, मी सुट्टीला घरी आलो होतो. सकाळी मावसबहिणीचा फोन आला. मावशी पहाटे गेली होती. "मावशीला आणतोस का? आम्ही संध्याकाळपर्यंत थांबतो," एवढंच ती बोलली. तिची मावशी म्हणजे माझी आई.

मी लगेच विमान कंपनीला फोन लावला. दुपारच्या विमानाचं तिकीट नेहमीच्या पाचपट झालेलं, माइल्स मात्र तेवढेच. आणि खरं सांगतो, मावशी गेल्याचं कळून अर्धा तासही झाला नव्हता, तरी माझ्या मनात आलं, आज भाव चांगला आला. आपोआप आलं. मला माझीच शिसारी आली.

माइल्सवर दोन तिकिटं काढली, विमानतळापर्यंत भाड्याची जीप केली, आईला मागच्या सीटवर आडवं केलं. वाटेत मुरबाडला तिने गाडी थांबवली आणि एक साडी घेतली. शेवटची साडी माहेरची नेसवायची असते, आणि आता मावशीचं माहेर म्हणजे आईच. विमानात तिला खिडकीची जागा मिळाली, पण तिने एकदासुद्धा बाहेर पाहिलं नाही. साडीची पिशवी मांडीवर धरून होती. हवाईसुंदरी म्हणाली, वर ठेवू का, तर हिने दोन्ही हातांनी ती पोटाशी घेतली.

नागपूरला सगळे थांबलेच होते. आईने मावशीच्या गालावरून हात फिरवला आणि "आले गो मी, आले गो," एवढंच कितीतरी वेळ म्हणत राहिली. मला तिथे उभं राहवेना. मी अंगणात जाऊन ओक्साबोक्शी रडलो.

परत आल्यावर शेजारच्या बायका भेटायला येऊन बसल्या. आई भिंतीला टेकून प्रत्येकीला सांगत होती, "माझ्या लेकानं येक पैसा लागू न देता मला बहिनीकडं नेली. विमानानं नेली." बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या. शेवटी त्या गेल्यावर मी तिला म्हणालो, "आये, नको सांगू गो असं लोकांना."

मग तिने हळूच माझ्या हातावर हात ठेवला.

"का रे? तुझे मैल माझ्यापायी संपलं, म्हनून वाईट वाटतंय?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच तसं वाटलं होतं.