उस्तादच्या शेजारची जागा

दुर्बिण्याच्या पायाला भिंगरी आहे असं त्याची बायको म्हणते, आणि तिचं काही खोटं नाही. जेवताना दोनदा उठेल, पेपर वाचता वाचता मधेच जाऊन नळ नीट बंद आहे का ते बघेल, दुकानात गिऱ्हाईक बोलत असताना याची नजर रस्त्यावर. हाच माणूस फौजेत असताना पोटावर पालथा पडून दुर्बिणीला डोळा लावला, की कानात मुंगी शिरली तरी हलायचा नाही, हे तिला सांगून पटत नाही. "तेव्हाचं उठणं बाकी राहिलं, ते आता फेडताय," असं ती म्हणते.

आता तो शिलाई मशिनं दुरुस्त करतो. दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली, भिंतीला टेकवलेली चार-पाच मशिनं, तेलाचा वास आणि मधे एक बाकडं. रविवारी सकाळी शटर अर्धंच वर असतं, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक नको असतं, दोस्त हवे असतात. दोस्त दोनच. एक उस्ताद, पलटणीतला लांब पल्ल्याचा सगळ्यात पक्का नेमबाज, आता शाळेची व्हॅन चालवतो. दुसरा मेजर. मेजर हा पलटणीचा आचारी होता. आवाज तोफेसारखा, म्हणून हे बिरुद, आणि इतकी वर्षं ते ऐकून आता त्याला स्वतःलाही आपण मेजर होतो असं वाटायला लागलंय.

लांबच्या नेमबाजीतलं एक गुपित बाहेरच्यांना माहीत नसतं. ती एकट्याची विद्या नाही. हजार यार्डांवर गोळी पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्यात वारा तिला हवं तिकडे ढकलतो. म्हणून बंदूकवाल्याच्या शेजारी एक जण दुर्बीण लावून पडलेला असतो. मैदानातली निशाणं, गवत, तापलेल्या जमिनीवरची हवेची थरथर, हे सगळं बघून तो हळूच सांगतो, "डावीकडे दोन." बंदूकवाला साइटचा स्क्रू तेवढा फिरवतो आणि चाप ओढतो. का, कसं, नक्की का, असलं काही विचारायचं नाही. दुर्बिण्याचं नाव पडलं ते यातूनच. उस्ताद आणि तो एका ताटात जेवले असतील त्यापेक्षा जास्त वेळ एका सतरंजीवर पालथे पडले होते.

तर रविवारी बाकड्यावर, पलटणीने नेमबाजीच्या स्पर्धेत ढाल जिंकली त्या वर्षाची गोष्ट निघायचीच. सांगायचा मेजर. त्या वेळी हा गृहस्थ मैदानापासून मैलभर लांब बटाटे सोलत होता, पण सगळ्यात बारीकसारीक तपशील त्याच्याकडेच. दरवर्षी त्याच्या गोष्टीतलं अंतर थोडं वाढायचं. आता ते अशा ठिकाणी पोचलं होतं की तिथे गोळीला जेवणाचा डबा घेऊन जावं लागलं असतं. उस्ताद मिशीत हसायचा, दुर्बिण्या मधेच उठून एखाद्या मशिनला तेल घालायचा.

गोष्ट संपली की खेळ. रस्त्याच्या टोकाला एक उंच इमारत आहे, तिच्या गच्चीवर कपडे वाळत असतात. मेजर म्हणायचा, "उस्ताद, वारा सांग." उस्ताद कपड्यांकडे बघून सांगायचा, दुर्बिण्या ते बरोबर की चूक ते ठरवायचा. त्या रविवारी उस्तादने नेहमीसारखे डोळे बारीक केले आणि म्हणाला, "उजवीकडून आहे. ती चादर बघ ना कशी फुगलीय."

गच्चीवरची दोरी रिकामी होती.

मेजर बशीतल्या चहावर फुंकर घालत होता, त्याने वर बघितलंच नाही. दुर्बिण्याने बघितलं. वारा उजवीकडूनच होता, तो गालाला कळत होता. पण चादर नव्हती, साधा रुमालसुद्धा नव्हता. उस्ताद मान तिरकी करून त्याच्या उत्तराची वाट बघत होता. दुर्बिण्या म्हणाला, "बरोबर."

आणि तिथून त्याची जी तगमग सुरू झाली, ती विचारू नका. कारण उस्तादच्या व्हॅनमधून रोज सकाळी शाळेत जाणाऱ्या पोरांत दुर्बिण्याची नात होती. आठ वर्षांची, बडबडी, आणि शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तेव्हापासून पुढच्या सीटवर बसणारी. दुर्बिण्याच्या सुनेने ही व्हॅन मुद्दाम निवडली होती. "बाबांचे मित्र आहेत, डोळ्यांत तेल घालून नेतील," असं ती शेजारणींना सांगायची, आणि तिच्या भरवशावर शेजारणींनीही आपली पोरं त्याच व्हॅनमध्ये घातली होती.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. मुलाला सांगावं तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळेल. उस्तादचं पोट त्या व्हॅनवर, आणि पोटापेक्षा मोठं म्हणजे त्याचं नाव. न सांगावं तर रोज सकाळी नात हात हलवून जाते आणि परत येईपर्यंत याच्या हातातून स्क्रू सुटत राहतात. एका शिंपिणीच्या मशिनला त्याने त्या आठवड्यात पट्टा उलटा बसवला. तिने खूप ऐकवलं, याने ऐकून घेतलं.

मधे एकदा तो उस्तादच्या घरी उगाच जाऊन आला. उस्तादने चहा ओतला, थेंब सांडला नाही. जिन्यावरून भराभर उतरला. दुर्बिण्याला इतकं बरं वाटलं की परत येताना तो जवळजवळ पळतच आला. दोरीवर खरंच चादर असेल, मीच बघायला चुकलो असेन, असंही त्याने स्वतःला सांगून बघितलं. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्यासाठी बघायचं काम केलं, त्याला स्वतःला फसवणं सोपं जात नाही. दोन दिवसांनी शाळेच्या बाजूला एक सुटा भाग आणायचाय असं निमित्त काढून तो सकाळी व्हॅनमध्ये चढला.

पुढे बसू गेला तर नात म्हणाली, ही माझी जागा आहे. मग तो मागे दप्तरांच्या ढिगात पोरांबरोबर बसला. पोरं ओरडत होती, एकाचा डबा उघडून सांडला होता. त्या गोंधळात पुढून नातीचा आवाज येत होता, शांत आणि एका लयीत.

"लाल."

व्हॅन थांबली.

"हिरवा. डावीकडून सायकल, हळू. गेली. आता चला."

दुर्बिण्याने पुढे वाकून हा काय खेळ आहे म्हणून विचारलं, तर नातीने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, कारण कामावर असताना नजर हलवायची नसते. ती म्हणाली, "मी दुर्बिण्या आहे. उस्तादआजोबांनी मला तुमचं काम दिलंय."

पोरं उतरून फाटकातून आत गेली. उस्तादने चावीला हात घातला तो दुर्बिण्याने पुढच्या सीटवर येऊन धरला. सुरुवातीला उस्तादने उडवून लावलं, पोरीला नादी लावायला खेळ केलाय म्हणाला. मग म्हणाला की आजवर व्हॅनला एक ओरखडा नाही, वाटलं तर उतरून बघ. दुर्बिण्या उतरला नाही आणि हातही सोडला नाही. शेवटी उस्ताद समोरच्या काचेकडे तोंड करून बोलला. "कडेचं सगळं दिसतं रे. ज्याच्याकडे बघतो तेवढंच पुसलं जातं. तुझ्याकडे बघितलं की तुझं तोंड जातं, कान राहतात." डॉक्टरने इलाज नाही म्हणून सांगितलं होतं. बायकोला माहीत नव्हतं. पुढे त्यानेच ऐकवलं, की ‘उस्तादला दिसत नाही’ हे लोकांच्या तोंडून ऐकण्यापेक्षा आपल्याला गोळी घातलेली परवडेल.

दुर्बिण्या चिडला. तो फार क्वचित चिडतो, आणि चिडला की त्याचा आवाज खाली जातो.

"ढाल जिंकली त्याच्या पुढच्या वर्षी आपण कसे हरलो, ते मेजर कधी सांगत नाही," तो म्हणाला. "वारा फिरला आणि मी उशिरा सांगितलं. गोळी मातीत. तू म्हणालास, तुझं बरोबर होतं, माझाच हात हलला. मला अजून पटलेलं नाही ते. वारा सुटला की मी उठून बसतो, घरी विचार. आणि ती नुसती माती होती. ही पोरगी आठ वर्षांची आहे. एक दिवस तीही उशिरा सांगेल."

उस्तादने चावी काढून खिशात टाकली. व्हॅन बिघडली असं शाळेच्या पहारेकऱ्याला सांगून दोघं पायी घरी आले. दुर्बिण्या रस्त्याच्या बाजूने चालत होता.

उस्तादने व्हॅन सोडली, पण खरं कारण त्याला सांगवलं नाही. पाठ गेली, गचके बसता कामा नयेत, असं त्याने सगळ्यांना सांगितलं आणि व्हॅन एका ओळखीच्या तरण्या ड्रायव्हरला चालवायला दिली. दुर्बिण्याने मूग गिळले. पोरं वाचली, मित्राची अब्रू राहिली, आणखी काय पाहिजे? मेजरने पाठीचा रुंद पट्टा आणून दिला, जमिनीवर कसं झोपायचं ते स्वतः झोपून दाखवलं आणि नंतर त्याला उठवायला दोघं लागले. वहिनी, म्हणजे उस्तादची बायको, रोज पाठ शेकायला लागली. दुर्बिण्याला वाटलं, सुटलो एकदाचा.

पण घरात नात बिनसली. आधी वाटलं, पुढची जागा गेली म्हणून रुसली असेल. तर सून म्हणाली, नवा ड्रायव्हर बिचारा पुढे बस म्हणतो, हीच बसत नाही, मागच्या कोपऱ्यात जाऊन बसते. बडबड बंद. ताटातलं निम्मं तसंच. शेवटी एका संध्याकाळी दुकानात येऊन ती बाकड्यावर बसली, थोडा वेळ मशिनचं चाक फिरवत राहिली आणि म्हणाली, "आजोबा, त्यांची पाठ माझ्यामुळे गेली ना?"

मग सगळं बाहेर आलं. एक दिवस रस्त्यात कुत्र्याचं पिल्लू दिसलं, ही त्याच्याकडे बघत राहिली आणि लाल सांगायला उशीर झाला. उस्तादआजोबांनी जोरात ब्रेक मारला होता. सगळी पोरं पुढे आपटली, उस्तादआजोबाही हलले. ते तिला एक शब्द बोलले नाहीत. आणि आता त्यांची पाठ गेली.

दुर्बिण्याने तिला नाही म्हणून सांगितलं. तुझं काही चुकलं नाही म्हणून सांगितलं. ती ऐकत होती आणि तिला पटत नव्हतं, हे त्याला तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. आपण जे वाचवायला निघालो होतो तेच घालवून बसलो, या विचाराने त्याला तिथल्या तिथे रडू आलं. त्याने हाताचं तेल फडक्याला पुसलं, शटर ओढलं आणि म्हणाला, "चल. त्यालाच विचारू."

उस्ताद पलंगावर मेजरचा पट्टा बांधून बसला होता. वहिनी शेजारी रबरी पिशवीत गरम पाणी भरत होत्या. नात सरळ त्याच्या समोर जाऊन उभी राहिली आणि जे दुकानात विचारलं तेच विचारलं, फक्त आवाज जास्त कापरा होता. उस्तादने दुर्बिण्याच्या दिशेने बघितलं. आता उस्तादला जे सांगायचं होतं ते दुसऱ्या कुणी सांगून चालणार नव्हतं.

उस्तादने पोरीचं तोंड दिसावं म्हणून मान तिरकी केली. "तू चुकली नाहीस," तो म्हणाला. "माझी पाठ ठणठणीत आहे. मला दिसत नाही, बाळा. म्हणून सोडली व्हॅन."

पोरगी त्याच्याकडे बघत राहिली. वहिनींच्या हातातली पिशवी कलली आणि गरम पाणी फरशीवर सांडलं, ते पुसायला कुणी उठलं नाही.

"कधीपासून?" वहिनींनी विचारलं.

उत्तर पोरीनेच दिलं.

"मी पुढे बसायला लागले तेव्हापासून."