काचेतली ऊब

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं म्हणतात. माझ्या धाकट्या भावाने ते दिवाणखान्यात थाटलंय. काचेची पेटी, आत माती, बाजूच्या काचेला चिकटवलेला हीटिंग पॅड. "खालून ऊब दिली तर गारव्यासाठी माती उकरत खाली जातो आणि भाजतो गं, ताई," असं म्हणत भावाने मातीच्या कोपऱ्यावर हलकेच पाणी फवारलं. हवा कोरडी पडली तर म्हणे विंचवाला कात टाकताना त्रास होतो.

इतका हळवा आवाज याच्याकडे आहे, हे मला ठाऊकच नव्हतं. स्वयंपाकघरात त्याची बायको सकाळपासून खोकत होती. "अहो, तेवढी खिडकी लावता का? गार वारं येतंय," ती म्हणाली, तर हा तिच्यावर खेकसला, "तुला हात नाहीत?" तिने खोकतच येऊन खिडकी लावली. विंचू निदान नांगी उगारून आधी बजावतो तरी.

निघताना मी बूट उलटे करून आपटले. गावाकडे विंचवाच्या धाकाने लागलेली सवय. भाऊ हसला, "अगं, तो काचेत आहे!"

"तो आहे," मी म्हटलं. "तू नाहीस."