सगळं येणारे अण्णा

मला नोकरी लागली ती यशवंतपूरच्या फुटपाथवरच्या अण्णांमुळे. छत्री, स्टोव्ह, कुलूप, ते काहीही दुरुस्त करत आणि बोलताना स्क्रूड्रायव्हर कानामागे खोचत.

मी आठवीत शाळा सोडलेला, गावी परतायला तोंड नव्हतं. तिसऱ्या कारखान्यानंही नको म्हटलं, तेव्हा मला कानडीत 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणणाऱ्या अण्णांनी विचारलं, "काय सांगितलंस तिथं?"

"लेथ, वेल्डिंग, वायरिंग, सगळं येतं म्हणालो."

"तम्मा, सगळं मलाही येतं. म्हणून तर रस्त्यावर बसलोय! एकच सांग."

चौथ्या कारखान्यात मी घाबरत म्हणालो, फक्त ड्रिलला धार लावतो. लगेच घेतलं. सहा वर्षं तेवढंच करतोय. माझा स्टोव्ह बिघडला की अण्णांकडेच नेतो.

त्यांचं ड्रिल मात्र पार बोथट आहे. धार लावून देऊ का विचारलं, तर म्हणतात, "तेही येतं मला."

एक दिवस त्यांचा डोळा चुकवून ते नेईन आणि धार लावून गुपचूप परत ठेवीन.